कोपर नसलेले सोंडे

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात शकुबाई मनवर तीस वर्षं प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत होत्या. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. आम्ही प्राध्यापक निरोपाच्या साडीचा रंग ठरवण्यात दंग, आणि बाईंना हवी होती किड्यांसाठी एक रिकामी पेटी.

चूक त्यांचीच होती, हे त्या स्वतःच सांगत. अकरा वर्षांपूर्वी पांढरकवड्याच्या जंगलात वाळक्या फांदीवर सापडलेले सतरा किडे त्यांनी टाचणी टोचून सोंड्यांच्या पेटीत लावले. आपल्याकडे ज्वारीत निघेल तो सोंडा, तांदळात निघेल तो सोंडा. तोंड पुढे आलं की झाला सोंडा! या उन्हाळ्यात पेट्या साफ करताना त्यांनी भिंग लावलं. खऱ्या सोंड्याची मिशी कोपरात वाकते. या सतरांची सरळ होती.

विभागप्रमुख भावसिंग राठोड सर माणूस चांगला, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही. त्यांनी पुण्याच्या एका तज्ज्ञाला फोटो पाठवले. उत्तर आलं : सोंडे नाहीत, शेजारच्या कुळातले आहेत; पण त्या प्रजातीची मांडणीच नव्याने चालू आहे, नाव आत्ता देता येणार नाही.

"मग राहू द्या तिथंच," सर म्हणाले. "नाव आलं की हलवू."

"मी गेल्यावर कोन उघडते ते पेटी?" बाई म्हणाल्या. खरंच होतं. कोणीही उघडली नसती, मीसुद्धा नाही. मला सरांचा राग आला, आणि गप्प बसल्याबद्दल स्वतःचा जास्त.

बाई चार दिवस रोज सकाळी पेटी घेऊन सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. पाचव्या दिवशी सर वैतागले.

"शकुबाई, समजून घ्या ना. जात ठरल्याशिवाय पेटी कशी देऊ?"

बाईंनी हातातली पेटी टेबलावर ठेवली.

"सर, छप्पन साली आमच्या बाबानं जात सोडली. तवापासून आमचं घर उभंच हाय. यायलेबी एक घर द्या."

 सर स्वतः उठले, कपाटातून कोरी पेटी काढली आणि चिठ्ठीवर लिहायला लागले : 'सोंडे नव्हेत. नाव ठरायचे आहे. वेगळे केले : शकुबाई मनवर.'

बाई वाकून बघत होत्या.

"अक्षर मोठं काढा जी, सर."