मावशींनी पाजलेलं पाणी

अकोल्याच्या एका दवाखान्यात बाबांना ठेवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं, की इथे निम्मी नर्स नातेवाइकांनीच व्हायचं. सलाईन संपत आली की हाक आम्ही मारायची, कूसही आम्हीच बदलायची. अख्ख्या वॉर्डाला सिस्टर एकच. ती तरी कुणाकुणाला पुरी पडणार? अर्धं अंग लुळं पडलेल्या बाबांच्या नाकात नळी घालताना तिने मला बजावलं, "ताई, यायले तोंडानं थेंबभरबी देऊ नका. गिळता येत नाही, फुप्फुसात जाईन. तुमीच ध्यान ठेवा, मी एकटी कुठं कुठं पाहू?"

बाहेरून औषध आणायला मात्र जावंच लागायचं. मग वॉर्डाची रीत ठरलेली, शेजारच्या खाटेला सांगून जायचं. तिथे अचलपूरच्या मावशी नवऱ्याला घेऊन आल्या होत्या.

"मावशी, बाबांकडे पाह्यजा. काही देऊ नका त्यायले."

"जाय बिनधास्त, मी हावो ना."

परत आले तर बाबा ठसकत होते, ओठ निळे पडलेले. सिस्टर खालच्या वॉर्डात, कारण तिथेही कुणी नव्हतं. ती धावत आली, मशीनने घसा साफ करू लागली.

"घशाले कोरड पडली होती," मावशी म्हणाल्या. "हातानं खुणा करून राहिले होते. दोन घोट पाजले." उन्हाळ्यात पाणी मागणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि त्यांच्या लेखी 'काही' म्हणजे जेवण, पाणी नव्हे. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मशीनकडे वळली.

छातीत कफ भरला, ताप चढला आणि दोन-तीन दिवसांत बाबा गेले.

माझी जीभ घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मी कुणाला सोडत नाही. राग अजूनही आहे, पण मावशींवर नाही. ज्या साहेबांनी सिस्टरच्या जागा रिकाम्या ठेवल्या, ते कधी कुणाच्या उशाशी बसलेत?

आम्ही बाबांना घेऊन निघालो तेव्हा मावशींनी मला जवळ घेतलं. "रडू नको पोरी. तहानलेला नाही गेला तुहा बाप. माह्या हातचं पाणी पिऊन गेला."

सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली.

"हो मावशी," मी म्हटलं, "लय बरं केलं तुमी."

त्यांनी पदराने माझे डोळे पुसले. सिस्टर पुढच्या खाटेकडे वळली, तिथून कुणीतरी कधीची हाक मारत होतं.