जाऊबाईंची इंग्रजी

माझ्या थोरल्या जाऊबाई अमरावतीच्या. तिथे त्या इंग्रजी तिसरीपर्यंत शिकल्या होत्या, आणि घरात कुणाला ते विसरायची सोय नव्हती. मी मराठी चौथी. पुरणपोळी माझी त्यांच्यापेक्षा कितीतरी मऊ होई, पण पुरणपोळीचं कौतुक जेवणापुरतं. हात धुतले की संपलं.

त्या वर्षांत खामगावला सरकी काढायच्या एका जिनाच्या रिकाम्या गोदामात रविवारी दुपारी विलायती बोलपट लागत. खिडक्यांना काळं कापड, एकीकडे पुरुष, दुसरीकडे तरटाच्या आडोशाआड आम्ही बायका. मशीन एकच, म्हणून रीळ संपलं की दिवे लागत. दुसरं रीळ चढेपर्यंत जाऊबाई आम्हाला झालेली गोष्ट वऱ्हाडीत सांगत. बायका त्यांच्याभोवती गोळा होत. मी सख्खी जाऊ, पण मला मागे सरकून बसावं लागे.

आमचे हे कोर्टात भाषांतराचं काम करत. साहेबाचं इंग्रजी त्यांना पाणी प्यावं तसं सोपं. तरी घरी परतल्यावर सिनेमाच्या गप्पा मारायला त्यांना वहिनीच लागत. मी पोळ्या लाटत ऐकायची. पोळ्या जळायच्या आणि मीही.

एकदा पडद्यावरची मडम एका उंच माणसाला म्हणाली, “माय दीर!” आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, “अवं बाई! तो तं तिचा दीर हाये! आन् त्याले माय काऊन म्हनते?”

तरटाच्या दोन्ही बाजूंनी हसू फुटलं. जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या, “दीर नाही वं, डिअर! डिअर म्हंजे लाडका.”

एवढ्यावर संपलं असतं तर मी गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी यांच्यापुढे चहा ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “घ्या, माय दीर!” यांना हसता हसता ठसका लागला. दीर-भावजयीची थट्टा घरोघर चालते, त्यात वावगं काही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या लग्नाच्या नवऱ्याला हाक मारायला त्या बाईजवळ दोन दोन भाषा, आणि माझ्याजवळ नुसतं ‘अहो’.

त्याच संध्याकाळी मी यांना म्हटलं, “मले इंग्रजी शिकवा.”

“काऊन वं? साहेबीण व्हतं का?”

“व्हतो.”

त्यांनी शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. दीड वर्ष रोज कोर्टातून आल्यावर ओसरीत पाटी घेऊन बसत. डिअरचा दुसरा अर्थ महाग, हेही सांगितलं आणि म्हणाले, “तू मले लयच डिअर पडून राह्यली.” मी हसले नाही. माझं ध्यान जाऊबाईंवर होतं. त्यांचं आसन मला हवं होतं, त्या बायकांच्या मधलं आणि यांच्या गप्पांमधलंही.

मग एका रविवारी मला पडद्यावरचं बोलणं कळायला लागलं. सगळं नाही, पण पुरेसं. बोटीच्या कठड्याशी एक पुरुष आणि एक बाई उभी होती. तो म्हणाला, कॉफी गार झाली. ती म्हणाली, बोट सहाला लागेल. तो म्हणाला, माझी टोपी कुठे आहे? रीळ संपलं, दिवे लागले.

जाऊबाई सावरून बसल्या. “तो म्हनते, सात समुद्र फिरलो, पन तुह्यावानी बाई पाह्यली नाही. ती म्हनते, जाय बापा, घरी तुही माय वाट पाहून राह्यली. मंग त्यानं पाह्यलं पान्याकडं...”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी थक्क झाले. इंग्रजी तिसरी! बाईला ओ की ठो कळत नव्हतं. इतकी वर्षं सगळ्या गोष्टी त्यांच्या स्वतःच्या होत्या. आता मी तोंड उघडायचा अवकाश होता.

तेवढ्यात तरटापलीकडून यांचा आवाज आला, “वहिनी, जरा मोठ्यानं सांगा. इकडं आयकू येत नाही.”

कॉफी यांनीही ऐकली होती. टोपीही. पहिल्या दिवसापासून यांना ठाऊक होतं, आणि तरी यांना वहिनींचं हेच ऐकायचं होतं. इंग्रजी यांनी मला मागितलं तेवढं दिलं. हे मात्र कोणत्या पाटीवर शिकायचं?

माझ्या शेजारची बाई वळून म्हणाली, “तू बी आता शिकली म्हनतात. खरंच असं बोलला का तो?”

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“हाव,” मी म्हटलं, “असंच बोलला.”

चांगुलपणा नव्हता तो. त्याने पाण्याकडे पाहिलं आणि मग काय झालं, हे मलाही ऐकायचं होतं.