बंदच्या दिवशी गोल्फची काठी

मित्रांनो, घाईघाईत टाइप करतोय.

आज भाऊजींचा वाढदिवस. त्यांना नवीनच गोल्फचं वेड लागलंय. इथल्या कोठी बाजारातला दुकानदार म्हणाला, कमी पैशात बॉल ठेवायच्या टी येतात, थोडे जास्त असतील तर बॉल, नाहीतर हातमोजा. पण मला हौस! मी सेकंडहँड काठीच घेतली, पेपरात गुंडाळली आणि पायी निघालो.

वेगळ्या तेलंगणा राज्यासाठी आज बंद होता. दुकान अर्धं शटर पाडून चालू होतं, तरी माझी ट्यूब पेटली नाही.

बरकतपुऱ्याच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. त्यांच्यातला इन्स्पेक्टर म्हणाला,

"क्या रे, डंडा लेके किधर?"

"सर, गिफ्ट है. गोल्फ का. बहनोई के वास्ते."

"बहनोई को मारने का गिफ्ट?"

सगळे हसले. मला घाम फुटला. बाजूच्या व्हॅनमध्ये बंदमध्ये पकडलेली माझ्याच वयाची पोरं कोंबली होती.

"गोल्फ का है तो खेल के दिखा."

मी कधी खेळलोय? भर रस्त्यात क्रिकेटच्या बॅटसारखी काठी धरून उभा राहिलो. इन्स्पेक्टरचं हसू गेलं. व्हॅनचं दार उघडलं. मी रडायच्या बेतात.

शेवटी तो म्हणाला, "डंडा इधरीच रहता. कल बहनोई को थाने लेके आ, वो खेल के दिखाएगा."

आता ताई पुऱ्या तळतेय. "काय आणलंस रे?" असं भाऊजी दोनदा विचारून गेले. मी गच्चीवर लपलोय.

बॉल घेतले असते तर खिशात मावले असते. तुम्हीही तेच घ्या. आणि मला एवढंच सांगा, वाढदिवसाच्या माणसाला "उद्या पोलीस ठाण्यात चला" असं कसं म्हणायचं?