जीपची दारं ठेवायची कुठं

आमची सवारीची जीप बाजाराच्या दिवशी बिनदाराची पळते. आमच्या जवळा बाजार गावात राहणाऱ्याला ह्याचं काही वाटत नाही, पण बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. बाजाराला येणारं माणूस रिकाम्या हातानं येत नाही. कुणाजवळ भाजीची डाली, कुणाच्या हातात उलटी धरलेली कोंबडी, कुणाच्या काखेत शेळीचं पिल्लू. दार असलं की सारखं उघडा आणि लावा, त्यात कुणाचा पदर अडकतो, कुणाचं बोट चेंगरतं. म्हणून दारं बिजागरीतून वर उचलायची आणि घरी आणून टाकायची. पुढची दोन, मागचं एक. गाडी जुनी आहे, तिची दारं निघतात. उन्हाळ्यात तर दोन-अडीच महिने ती गाडीला लागतच नाहीत. बसणारेच म्हणतात, काढा हो, वारं तरी लागू द्या.

काढा म्हणायला काय जातं? ठेवायची मला असतात.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत चूल, गॅस, भांडी, धान्याची कोठी आणि देव. बाहेरच्या खोलीत माझी बाज, ह्यांची बाज, कपाट, आणि लेकासुनेचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. ह्यात तीन दारं बसवून दाखवा. मी सगळं करून बघितलं आहे. भिंतीला उभी केली तर पोरं-सोरं आली की अंगावर पडायची भीती. कोठीमागं घातली तर दाणे काढताना कोपर खरचटतं. एक वर्ष बाहेर लिंबाखाली ठेवली, तर दारांच्या आडोशाला कोंबडीनं अंडी घातली आणि पत्र्याला गंज आला तो वेगळाच. लेक रोज विचारायचा, "माय, दारं कुठं ठेवू?" आणि मी रोज म्हणायची, "ठेव माझ्या डोस्क्यावर."

ह्या उन्हाळ्यात मला वाटलं, बराबर जागा सापडली. पेरणीचं सोयाबीन घरचंच ठेवलं होतं, पाच पोती. बियाण्याचं सोयाबीन लई नाजूक, आपटलं की फुटतं आणि ओल लागली की उगवत नाही. ते जमिनीवर ठेवायचं नसतं, खाली फळ्या लागतात. आता फळ्या आणायच्या कुठून? मी काय केलं, भिंतीकडेला विटा मांडल्या, विटांवर पुढची दोन दारं आडवी टाकली आणि त्यावर पोती चढवली. एकावर तीन, एकावर दोन. मागचं दार माझ्या बाजेखाली सरकवलं. दारांनाही जागा झाली, बियाण्यालाही. सूनबाई म्हणाली, "मामी, तुमचं डोकं म्हंजे!" मी पण दोन दिवस त्याच तोऱ्यात होते, खोटं कशाला सांगू.

मग पासिंग आलं. गाडी वर्षाला हिंगोलीला नेऊन साहेबाला दाखवावी लागते. त्या दिवशी गाडीला सगळं लागतं, दिवे लागतात, हॉर्न लागतो, आणि दारंही लागतात. पास झाली नाही तर गाडी रस्त्यावर काढता येत नाही. आमच्या घरात तीच एक चालणारी गोष्ट आहे. ह्यांनी ती बावीस वर्षं चालवली, डोळे गेले तेव्हा लेकाच्या हातात दिली.

आदल्या दिवशी सकाळी लेकानं पोती खाली घेतली, दारं बाहेर नेली. मागचं बसलं. डावीकडचं बसलं. उजवीकडचं बिजागरीत उतरलं, पण लागेना. वरून लावलं की खालचा कोपरा दोन बोटं बाहेर. खालून ढकललं की वरून उघडं. त्यानं चार वेळा आपटलं. मग दार काढून ओट्यावर ठेवलं, वाकून डोळा लावून बघितलं.

"माय, ह्यावर किती पोती व्हती?"

"तीन."

"तीन!" तो म्हणाला. "दाराच्या पोटात खड्डा पडला की. बियाणं वाचवलं, आन गाडी बसवली!"

ह्यांनी बाजेवरून विचारलं, "काय झालं रे?" लेकानं सांगितलं. हे उठले, चाचपडत ओट्यावर आले आणि दारावरून हात फिरवू लागले, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. हात मधे आला, थांबला. मला तिथं उभं राहवेना. आत जाऊन मी उगीचच कोठीचं झाकण उघडलं आणि लावलं.

चौकातला वेल्डिंगवाला घरचाच माणूस. तो आला, त्यानं बघितलं. लेक म्हणाला, "हातोड्यानं ठोक अन् सरळ कर." तो म्हणाला, "ठोकलं तर पत्रा फाटंल. जसं वाकलं तसंच उलटं वाकवावं लागंल. जड माणूस बघा."

मग ओट्यावर दोन ओंडके ठेवले, त्यावर दार पालथं टाकलं, फुगलेलं अंग वर. तो मला म्हणाला, "काकू, तुमी उभ्या राहा मधोमध. हळू." मी चप्पल काढून भिंतीला धरून चढले. साठी उलटलेली बाई, भर सकाळी रस्त्याच्या कडेला जीपच्या दारावर उभी. समोरच्या दुकानातून एक जण ओरडला, "काकू, गाडी सुटली का? कुठं निघाल्या?"

"तुह्या सासुरवाडीला!" मी म्हणाले. हसले सगळे. मी मात्र भिंतीचा हात सोडला नाही.

वेल्डिंगवाला खाली वाकून बघून राहिला होता. म्हणाला, "काकूचं वजन पुरत न्हाई. वहिनीला बोलवा."

"मला काहून?" सून आतून म्हणाली. "मी काय पोतं हाय?"

"या ना वहिनी, तकलीफ होणार न्हाई."

ती कणकेच्या हातानंच आली. मला धरून चढली. आम्ही दोघी सासू-सुना एकमेकींच्या खांद्याला धरून त्या दारावर हळूहळू खालीवर झालो. तो म्हणायचा, "आणखी जरासं. थांबा. आणखी." पत्रा मधेच कडकन वाजला आणि सून किंचाळली. लेकानं दार उचलून गाडीला लावलं. एक बोट उघडं. परत काढलं, परत चढलो. असं किती वेळा केलं त्याची गणती नाही. दुपारी पोळ्या झाल्या नाहीत, सकाळचा भात खाल्ला. शेवटी दार लागलं, पण खालून गुडघ्यानं जरा उचलून लावलं तरच.

दुसऱ्या दिवशी मी पण हिंगोलीला गेले. लेक म्हणाला, तू काहून? मी म्हणाले, माझ्यामुळं झालं, मी येते. खरं म्हणजे घरी ह्यांच्या समोर बसून वाट बघायची ताकद नव्हती. उन्हात रांगेत तीन तास गेले. साहेब आला, दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवला. मग उजव्या दाराजवळ आला, उघडलं, लावलं. लागलं नाही.

"हे काय?" साहेबानं विचारलं.

लेक पुढं झाला. गुडघा लावला, उचललं, लावलं. खट्ट.

साहेबानं दार एकदा हलवून बघितलं. कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गाडीकडं गेला. पास झाली हे मला लेकानं दोनदा सांगितलं तेव्हा पटलं. येताना मी मागच्या सीटवर आडवी झाले, वाटेतलं औंढा गाव कधी गेलं ते कळलं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, "लागलं का दार?" मी म्हणाले, लागलं. "हं," हे म्हणाले आणि भिंतीकडं वळले. त्यात राग नव्हता. पण त्यांचा तो हात दारावर थांबलेला मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी बाजार. लेकानं सकाळीच दारं काढली आणि उंबऱ्यात उभा राहिला. ह्या वेळी कुठं ठेवू म्हणून विचारलं नाही, नुसता बघत राहिला. दारांवर पोती नकोत, पोती जमिनीवर नकोत. मग मी माझं अंथरूण काढलं. पोती माझ्या बाजेवर गेली, सगळी पाच, दारं भिंतीला उभी राहिली आणि पुढं घसरू नयेत म्हणून त्यांच्या पायाशी मी माझी सतरंजी टाकली. बाज करकरली, पण टिकली.

"माय, पेरणी झाली की पोती जातील, पावसात दारं गाडीला लागतील. मग सगळी जागा तुझीच," लेक म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले. "जा तू, माणसं खोळंबली असतील."

दुपारी जमिनीवर पाठ टेकली. कंबर दुखत होती, कूस बदलायला जागा नव्हती. उजवं दार अगदी कानाशी होतं. पत्रा गार लागत होता, म्हणून पाठ त्याला लावून पडून राहिले.