गंगापूरचा माळा आणि अण्णांचे नवे गुडघे

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दोन्ही गुडघे गेल्या वर्षी बदलले. चढायला डॉक्टरांची सक्त मनाई. अशात गंगापूरहून आत्याचा फोन आला, "दादा, भोरड्यांच्या थव्यांनी ज्वारी धरली. माळा बांधून दे." आमच्याकडे रीत अशी, की पाखरं राखायचा माळा जो बांधेल त्यानंच आधी वर चढून दाखवायचं. अण्णांनी ती कधी मोडलेली नाही. आईनं मला बाजूला घेऊन बजावलं, "त्यांनी वर पाय ठेवला तर तू घरी येऊ नको."

शनिवारी सकाळी एसटीत बसलो. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, अण्णांना ज्येष्ठ म्हणून अर्धं, एका तिकिटात दोघं गंगापूरला. जाणार असाल तर लवकर निघा, वाळूजच्या ट्रॅफिकमध्ये फार वेळ जातो. गंगापूरला भजी खाल्ली आणि काळीपिवळीत बसलो. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरीच ठेवून या.

आत्याचं शेत जायकवाडी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. काठावर दुर्बीण घेतलेला एक पक्षीवेडा भेटला. त्यानं काळ्या पंखांचा, लांबलचक लाल पायांचा पक्षी दाखवला. "शेकाट्या. इंग्रजीत स्टिल्ट."

"आमच्या इमारतीखालच्या खांबांवरच्या पार्किंगलाही स्टिल्टच म्हणतात," मी म्हणाले.

अण्णा बराच वेळ त्याची चिखलातली चाल बघत राहिले. "त्याचे गुडघे कंपनीचे हायत," म्हणाले.

दुपारी हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी. मग अण्णांनी खुर्चीत बसून बाभळीच्या दोन-दोन खांबांच्या चौकटी बांधल्या. आतेभावानं त्या खड्ड्यांत रोवल्या, वर फळ्या टाकल्या. हळूहळू शेजारचे शेतकरी बांधावर जमले. अण्णा चढतात का, हेच सगळ्यांना बघायचं होतं. आणि अण्णा नाही म्हणणाऱ्यांतले नाहीत.

शिडीची शेवटची पायरी बांधायची राहिली. अण्णांनी सुंभाचा दोर माझ्या हातात दिला. "ही गाठ तू मार. दोन वेढे, मग खालून वर." मी मारली. त्यांनी ओढून पाहिली, सोडायला लावली, परत मारायला लावली.

आत्या लगेच म्हणाली, "शेवटची गाठ जिची, माळा तिचा. चढ आता."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बाल्कनीतून खाली वाकून न बघणारी बाई. तरी चढले, मनात रामरक्षा म्हणत. वरून सगळी ज्वारी दिसली, पलीकडे पाणी. खाली अण्णा खांबाला हात लावून उभे होते, मान वर करून. मला एकदम रडू आलं.

"हलतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बस निवांत. गोफण देतो."

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. पार्किंगमध्ये अण्णा थांबले आणि एका खांबावर थाप मारून म्हणाले, "हे ज्यानं बांधलं, तो आधी वर राहिला व्हता का?" लिफ्टची वाट बघताना मी ते खांब पहिल्यांदाच नीट पाहिले. तळहातावर सुंभाचे वळ अजून होते.

दार उघडताच आईनं विचारलं, "चढले नाहीत ना हे?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "मी कशाला चढू? माळा हिनं बांधलाय."