एकच होते

निवृत्त झाल्यावर मी शिकवणं सोडलं नाही, फक्त वर्ग सोडला. सदाशिव पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत एका वेळी एकच विद्यार्थी येतो, तासभर इंग्रजी लिहितो, बोलणी खातो आणि जातो. बोलणी खातो हे अगदी खरं. माझी जीभ तिखट आहे आणि पुष्कळ वर्षं मला त्याचा अभिमान होता. पुण्यात तिखट जिभेला लोक हुशारी समजतात, त्यामुळे ती गोड करायची गरज कधी पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी कर्वेनगरहून एक बाई येऊ लागल्या. वय चाळिशीच्या पुढे, मूळच्या वाशीमकडच्या, लग्न होऊन पुण्यात आलेल्या. ओळखीतल्या एकीनं पाठवलं होतं. "नोकरीसाठी हवंय, तीन महिन्यांनी परीक्षा आहे, बघा जमतंय का," एवढंच तिनं फोनवर सांगितलं. बाई दाराशी चपला जोडून ठेवून आत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. कपाळाला टिकली होती. मी काही विचारलं नाही. नव्या माणसाला मी आधी काही विचारतच नाही, कशावरही दहा वाक्यं लिहायला लावते. विचारून जे कळत नाही ते दहा वाक्यांत कळतं, असं माझं मत होतं.

त्यांना वीस मिनिटं लागली. मी लाल पेन उघडलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. 'माय हजबंड आर व्हेरी क्वाएट. दे लाइक टी विदाउट शुगर. दे नेव्हर शाउट.' मराठी माणसाची ही चूक मी जन्मभर तपासत आले आहे. वडील, गुरुजी, नवरा यांना आपण एकवचनात मावूच देत नाही. आई मात्र इंग्रजीत गेली तरी बिनचूक 'शी' असते, तिथे कोणाची गडबड होत नाही. पाचव्या ओळीपर्यंत मी पाच वेळा 'दे'ला गोल केला आणि वर न बघता म्हणाले, "अहो, नवरे आहेत तरी किती तुम्हाला?"

"एकच होते," त्या म्हणाल्या.

एकच, आणि होते. मराठीत यात काहीही चूक नाही. मग मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या. 'दे फॉल डाउन इन पार्किंग. दे डाइड.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरळ माफी मागावी तर ते कधी शिकलेच नव्हते. मी उठून चहा टाकला, आणि त्यात साखर घालावी की नाही हेही मला ठरवता येईना.

चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं. नवरा एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. पाच महिन्यांपूर्वी सकाळी कामावर निघताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटर काढता काढता कोसळला. टिकली मुलीनं हट्टानं लावायला लावली होती. कंपनी बाईंना त्याच्याच जागेवर घ्यायला तयार होती, पण तिथलं काम सगळं मेलवर आणि मेल इंग्रजीतून. साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती, मग अर्धं पान स्वतःच्या हातानं लिहून दाखवायचं. नाही जमलं तर गावाकडून दीर न्यायला येणार होते. मुलगी दहावीत होती. "दीर चांगले आहेत मॅडम," त्या म्हणाल्या, "पण तिकडे गेलो की दोन वर्षांत हिचं लग्न उरकून मोकळे होतील. तिला शिकायचंय."

त्या दिवसापासून मी जीव तोडून शिकवलं. त्यांनीही कष्टात कसूर केली नाही. माल आला, माल कमी आला, पोच पाठवा, उशिराबद्दल क्षमस्व, असल्या मेल त्या महिन्याभरात न अडखळता लिहू लागल्या. अडत होतं ते एकाच ठिकाणी. नवऱ्याचा विषय आला की 'दे' परत हजर.

"'ही' म्हणजे 'तो'च ना?" त्यांनी एकदा विचारलं. "यांना मी कधी 'तो' म्हटलं नाही मॅडम. भांडणातसुद्धा नाही."

मी लग्न केलं नाही. कोणाला 'अहो' म्हणायचा की 'हे' म्हणायचा प्रसंगच आला नाही, त्यामुळे यात एवढं अडण्यासारखं काय आहे ते मला कळत नव्हतं. पण शिकवण्याच्या युक्त्या मला येतात. मी कागदावर एच आणि ई काढून दाखवलं. "जसं दिसतं तसं वाचा बरं."

"हे," त्या म्हणाल्या, आणि एकदम हसल्या. पदराआड, पण हसल्या.

"घरात काय म्हणत होतात? आमचे हे, हे आले, हे जेवले. तेच लिहायचं. इंग्रज त्याला 'ही' म्हणतो, म्हणू दे."

पुढच्या खेपेला त्यांनी आपणहून लिहून आणलं. 'ही इज व्हेरी क्वाएट. ही लाइक्स टी विदाउट शुगर.' क्रियापदाला शेवटचा 'एस' न विसरता लावलेला, आयुष्यात पहिल्यांदा. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मी काय केलं? 'इज' खोडून 'वॉज' केलं, 'लाइक्स' खोडून 'लाइक्ड' केलं, आणि म्हणाले, "बाई, गेलेला माणूस इंग्रजीत चहा पीत नाही."

हे वाक्य मला आजही कुठेही, भाजी निवडतानासुद्धा आठवतं. त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली. 'वॉज' घालून दहा वाक्यं लिहून आणा, असं वर मी सांगितलं. त्यांनी आणली. बस उशिरा होती, दुकान बंद होतं, डाळ खारट होती. दहाच्या दहा बरोबर होती. एकातही नवरा नव्हता, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी खाली शेरा दिला, उत्तम.

परीक्षा झाली. आठवड्यानं त्या आल्या. "झालं मॅडम. पहिल्या तारखेपासून या म्हणालेत. पेढे नाही आणले, वर्ष व्हायचंय."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोन्ही हात धरले. मुलगी पुण्यातच शिकणार होती. काय लिहिलंत ते सांगा, म्हटलं. त्यांनी आठवून जसंच्या तसं लिहून आणलं होतं. विषय होता 'माझं कुटुंब'. अक्षर सुरेख, ओळी सरळ. आमच्या कुटुंबात दोघी आहोत, मी आणि माझी मुलगी. ती दहावीत आहे. तिला चित्रं काढायला आवडतात. रविवारी आम्ही मिळून घर आवरतो. असं अर्धं पान. मी खालपर्यंत गेले, उलटून मागची बाजू पाहिली. मागे कोरं होतं.

"मिस्टरांचं काहीच नाही?"

"चूक झाली असती," त्या शांतपणे म्हणाल्या. "'इज' लिहिलं तर तुम्ही खोडलंत. 'वॉज' माझ्या हातून उमटत नाही. परीक्षेपर्यंत घरी रोज लिहून बघितलं. नोकरीचा प्रश्न होता, म्हणून मग यांना घेतलंच नाही."

नवऱ्याच्याच जागेवर बसण्यासाठी त्या बाईनं आपल्या कुटुंबातून नवरा वगळला होता, आणि ते मी शिकवलं होतं. निदान आता तरी माफी मागावी असं फार मनात आलं. त्या समोर बसून माझ्या शेऱ्याची वाट बघत होत्या. मी कागद पुन्हा वरपासून वाचला, हातात लाल पेन धरून.

"छान लिहिलंय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पानात चूक एकही नव्हती.