लढाऊ विमान उडवण्याची परवानगी मिळणेबाबत

आमच्या चुलत दिरांइतका नियमाने वागणारा माणूस अख्ख्या बहारीनमध्ये दुसरा नसेल, आणि त्यांच्या ह्याच सद्गुणापायी आमच्या दोन्ही कुटुंबांवर एकदा गाशा गुंडाळायची वेळ आली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ईसा टाउनमध्ये ते आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन. लोणच्यासाठी बरणी मागितली, तर आधी कागदावर बरणी काढून, मापं घालून, "एवढीच पाहिजे ना, वहिनी?" असं विचारून मग बरणी देणार. रस्ता रिकामा असला तरी भर उन्हात हिरव्या दिव्याची वाट बघत पायी उभे. एकदा आमचे हे वैतागून म्हणाले, "अरे चल की, कोण बघतंय?" तर म्हणाले, "सिग्नल पाहून राहिला ना!"

अशा माणसाला वेड मात्र पहिल्या महायुद्धातल्या तरत्या लढाऊ विमानांचं. चाकांच्या जागी होडीसारखे दोन तराफे असलेली ही विमानं युद्धनौकेच्या डेकवर एका गाड्यावर ठेवायची. विमान सुटलं की गाडा समुद्रात पडायचा आणि विमान हवेत जायचं. कधी कधी तेही गाड्याच्या मागोमाग जायचं. ही माहिती भाऊजी आमच्याकडे जेवताना द्यायचे. माझी कढी म्हणजे समुद्र, गवारीची शेंग म्हणजे युद्धनौका. इतकी वर्षं मी कढी केली, पण कढी म्हणून तिचं कौतुक त्या माणसाने एकदाही केलं नाही. "वहिनी, आज समुद्र जरा घट्ट आहे," एवढंच.

शेवटी त्यांनी स्वतःच एक विमान केलं. सव्वादोन फुटी पंख, रबर पिळून फिरणारा पंखा, आणि उडवायला प्लायवूडचा, जहाजाच्या पुढच्या भागासारखा डेक. बुदैयाच्या किनाऱ्यावर शुक्रवारी उडवायचं ठरलं. दुसरा कोणी गुपचूप उडवून आला असता. भाऊजींनी किनाऱ्यावरच्या पोलिस ऑफिसात इंग्रजीत अर्ज दिला, सोबत नकाशा, तीन प्रतींत. साक्षीदार म्हणून सही माझी, त्यामुळे एक प्रत माझ्याकडे. माझी सही वळणदार आहे असं माझं मत असल्यामुळे, कोणी कागद पुढे केला की मी तो वाचण्यात वेळ घालवत नाही.

बुधवारी पोलिसांचा फोन आला. ज्यांनी ज्यांनी सही केली, त्या सगळ्यांनी ओळखपत्रं घेऊन यायचं. मग मी माझी प्रत वाचली. युद्धनौकेवरून एक लढाऊ विमान उडवण्याची परवानगी मिळावी; पंखांची लांबी सत्तावीस फूट; बंदूक एक.

"भाऊजी, हे छोटं मॉडेल आहे असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं ना. हे काय, खाली कोपऱ्यात. स्केल एकास बारा. नकाशा काढला तर स्केल कोपऱ्यातच राहते, वहिनी. मापं खऱ्याचीच घालतात."

त्या दिवसांत वातावरण तसंही तंग होतं, गाड्या थांबवून तपासण्या चालायच्या. व्हिसा गेला तर आमच्या ह्यांची नोकरी जाणार, आणि भाऊजींच्या मुलीची दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर. जाऊबाई दवाखान्यात ड्यूटीवर, म्हणून मुलगी आमच्याबरोबरच आली, आणि सही नसताना हेही. गाडीत ती सारखी एकच सांगत होती, "पप्पा, प्लीज, जस्ट से इट्स अ टॉय."

"टॉय नाही, बेटा. मॉडेल."

अधिकारी आम्हाला थेट किनाऱ्यावरच घेऊन गेला. बरोबर दोन शिपाई. हातात तो नकाशा. "तय्यारा किधर?" त्याने विचारलं, म्हणजे विमान कुठे. भाऊजींनी डिकी उघडून चादर बाजूला केली. अधिकाऱ्याने विमानाकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं. हसला नाही.

"ये खिलौना है?"

माझ्या मनात सगळ्या देवांची नावं येऊन गेली, शेजारच्यांच्या देवांचीसुद्धा. हो म्हणा, हो म्हणा.

"नहीं साहब," भाऊजी म्हणाले. "लडाकू विमान है. स्केल देखिए." आणि चक्क पुढे होऊन त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मुलीने डोळे मिटून घेतले. अधिकारी बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उडाओ. यल्ला."

भाऊजींनी पाण्याच्या कडेला डेक मांडला, पंखा पिळला, विमान गाड्यावर बसवलं. पण सोडेनात. वारा समोरून हवा होता. एक शिपाई घड्याळ बघायला लागला. मी ह्यांचा दंड इतका घट्ट धरला होता, की पुढे आठ दिवस तिथे माझी बोटं मोजता येत होती. अखेर वारा फिरला. गाडा खडखडत सुटला, पाण्यात पडला. विमान खाली झुकलं, लाटेला टेकतंय असं वाटलं, आणि उठलं. दोन घरांएवढं वर गेलं, वळलं, आणि बदकासारखं पाण्यावर बसलं.

"अल्लाह!" घड्याळवाला शिपाई ओरडला. अधिकाऱ्याने पॅंट गुडघ्यापर्यंत वर केली आणि स्वतः पाण्यात शिरून विमान घेऊन आला. "फिर से," म्हणाला. आणखी चार वेळा उडालं. मग त्याने अर्जाचे दोन तुकडे केले, "खलास," म्हणाला, आणि भाऊजींच्या पाठीवर थाप मारून निघून गेला.

परतताना भाऊजींनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. आमच्या ह्यांना गाडी येत नाही, आणि मी तीन वेळा नापास होऊन नुकतंच लायसन्स मिळवलेलं. माझ्या हाती किल्ली देणारा माणूस बरा नसणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बऱ्याच वेळाने मी शेजारी पाहिलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"वहिनी," समोर बघतच ते हळू म्हणाले, "मले वाटलं, पोरीची परीक्षा गेली."

"मग टॉय म्हणायचं ना, भाऊजी! एका शब्दात सुटला असतात."

"तोंडापर्यंत आलं होतं हो. पण पोरगी बाजूला उभी होती. बाप घाबरून खोटं बोलला, हे तिनं पाहिलं असतं."

आरशात बघितलं, तर मागे ह्यांच्या शेजारी ती पोर मांडीवरच्या विमानाचे ओले पंख आपल्या ओढणीने पुसत होती, एक झाला की दुसरा, अगदी सावकाश. मी गाडी आणखी हळू केली. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले.